परमुलखातले मातीचे घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्यात म्हण आहे. नव्या घराला पैसा लागतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. जुन्या घराला पैशाबरोबर सबुरीही लागते, आणि सबुरी काही कर्जाऊ मिळत नाही. आमच्या थोरल्या ताईंनी आणि दाजींनी वेल्स देशातील एका खेड्यात एक पडके घर आणि त्याला लागून असलेले धान्याचे जुने कोठार विकत घेऊन दुरुस्त केले. त्यातले काही काम आम्ही उभयतांनी डोळ्यांनी पाहिले, काहीला हात लावला आणि पहिल्या दिवसापासूनचा हिशेब आमच्या वहीत ठेवला. त्या अनुभवात आपल्या कुटुंबांना उपयोगी पडेल असे बरेच आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

ताई मुंबईत नर्स होत्या. २००३ साली ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांत परदेशी परिचारिकांची भरती चालू होती, तेव्हा त्या तिकडे गेल्या. मागाहून दाजी गेले आणि बस चालवू लागले. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेला असलेला डोंगराळ, पावसाळी प्रदेश. त्याची भाषा वेगळी, कायदेमंडळही वेगळे. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्ती अवघी ३१ लाख; आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात याहून कितीतरी अधिक माणसे राहतात. तिथल्या एका औद्योगिक शहरात, ओळीने बांधलेल्या कामगारांच्या घरांपैकी एका घरात ताईंचा संसार झाला. भाचा मोठा होऊन नोकरीला लागला, भाची शाळेत होती.

आमचे वडील बिगारी होते. तीस वर्षे त्यांनी मुंबईच्या इमारतींवर चुन्याची, रेतीची घमेली वाहिली. त्यांच्या खांद्यावरून चढलेल्या मालाने किती मजले उभे राहिले याची मोजदाद नाही. पण ते स्वतः मात्र दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांसह राहिले आणि तिथेच गेले. ताईंच्या मनात तेव्हापासून एक होते. चार भिंती अशा असाव्यात की त्यांच्याभोवती चारी बाजूंनी फिरता यावे. चाळीच्या खोलीला फिरण्यासारखी एकच बाजू असते.

२०२१ साली ताईंनी वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याकडील केरेडिग्यॉन जिल्ह्यात ही जागा पाहिली. किमतीचा आकडा येथे देत नाही. आपली माणसे लगेच रुपयांत गुणाकार करतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. एवढेच सांगतो की ज्या घरात स्वयंपाकघर नाही, संडास-न्हाणी चालू नाही, त्या घरावर तिकडच्या बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणून ताईंनी शहरातले राहते घर विकले, त्यावरचे कर्ज फेडले आणि उरलेल्या पैशात ही जागा घेतली. दुरुस्ती होईपर्यंत राहायला अंगणात एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकावरची पत्र्याची खोली, आणून ठेवली. आम्ही मुंबईत हे ऐकले तेव्हा पोटात गोळाच आला. अठरा वर्षांची पुंजी, दोघांची पन्नाशी उलटलेली, पदरी शिकणारी मुलगी आणि हातात एक पडके घर!

आता ते घर कसे होते ते सांगतो. खाली दोन खोल्या, वर माळा. भिंती दोन फूट जाडीच्या आणि चक्क मातीच्या! तिकडे या मातीकामाला 'क्लोम' म्हणतात. चिकणमाती, पेंढा आणि बारीक खडे एकत्र तुडवायचे, दगडी जोत्यावर दीड-दोन फुटांचा थर चढवायचा, तो सुकू द्यायचा आणि मग पुढचा थर. केरेडिग्यॉन, कारमार्दन आणि पेम्ब्रोक या पश्चिमेकडील जिल्ह्यांत गोरगरिबांची घरे पिढ्यान्‌पिढ्या अशीच बांधली जात. साहेबाच्या मुलखात सगळेच दगडी वाड्यांत राहत होते, असा आपला समज असतो. गरिबाचे घर मात्र तिथेही पायाखालच्या मातीतूनच उभे राहिले होते.

घराला काटकोनात लागून कोठार. वेल्श भाषेत त्याला 'अस्गीबोर' म्हणतात. त्याच्या भिंती दगडाच्या, छप्पर पाटीच्या काळ्या दगडाचे. दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर मोठे दरवाजे आणि त्यांच्यामध्ये पक्की जमीन. हे कशासाठी, असे दाजींना कोडे पडले होते. आमच्या सौभाग्यवतींनी फोटो पाहताक्षणी सांगितले, "अहो, हे तर खळे!" आणि तेच खरे निघाले. तिथे पावसामुळे उघड्यावर मळणी करता येत नाही, म्हणून खळेच छपराखाली. समोरासमोरच्या दारांतून वारा वाहतो आणि त्या वाऱ्यावर धान्य उपणले जाते. शेतात राबलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.

त्या भागात जुन्या घरांविषयी एक लोकसमजूत सांगतात. तिला 'टी इन्नोस', म्हणजे एका रात्रीचे घर, असे नाव आहे. गावाच्या सामाईक माळावर सूर्यास्तानंतर बांधायला घेऊन उजाडायच्या आत ज्याने घर उभे केले आणि ज्याच्या चुलीचा धूर पहाटे छपरातून निघाला, त्याचे ते घर झाले. घराच्या कोपऱ्यांवरून कुऱ्हाड फेकावी आणि ती पडेल तिथपर्यंतची जमीनही त्याची, असेही म्हणत. हा कायदा कधीच नव्हता. जमीनदार अशी घरे पाडू शकत आणि पाडतही. तरी भूमिहीन माणसे नातेवाईक गोळा करून, सामान आधी जमवून, एका रात्रीत घरे बांधीत राहिली. हे वाचून आम्हाला मुंबईतील आमच्या कितीतरी वस्त्या डोळ्यांपुढे आल्या. रातोरात बांबू रोवून, पोते बांधून चूल पेटवलेली माणसे आपण पाहिली आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यामागेही हाच प्रश्न होता. ज्याला पाय टेकायला जागा नाही त्याने उभे कुठे राहायचे? देश वेगळा, कातडीचा रंग वेगळा. प्रश्न मात्र सारखा.

ताईंचे घर बाहेरून मात्र सिमेंटचे दिसत होते. आधीच्या कुणा मालकाने मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा चढवला होता. आत ओल, बुरशी, कुबट वास. प्रथम ज्या ठेकेदाराला बोलावले त्याने सांगितले की भिंतीत भोके पाडून औषध भरू, आतूनही सिमेंट मारू, काम फत्ते. आगाऊ रक्कम घेतली, घराच्या पश्चिमेकडील भिंतीचे सिमेंट अर्धवट फोडले आणि तो जो गेला तो परतलाच नाही. २०२३ च्या जानेवारीत, एका पावसाच्या रात्री, त्या भिंतीचा सहा-सात फुटांचा भाग बसला. ताई सांगतात, आवाज फार मोठा नव्हता. ओल्या मातीचा ढीग खचावा तसा झाला. कुणाला इजा झाली नाही, कारण सगळी कॅरॅव्हॅनमध्ये होती. पण सकाळी दाजी बाहेर आले तेव्हा घराच्या आतला जिना अंगणातून दिसत होता.

त्या दिवशी ताईंचा फोन आला. दाजींचे म्हणणे, आहे तसे विकून टाकू, निम्मे पैसे आले तरी चालतील. ताई काही बोलत नव्हत्या. आम्ही विचारले, बाकीच्या भिंती कशा आहेत? त्या म्हणाल्या, उभ्या आहेत. मग आम्ही म्हणालो, जे उभे आहे ते का उभे आहे आणि जे पडले ते का पडले, एवढे आधी जाणत्या माणसाकडून समजून घ्या. विकायचे की नाही ते मग ठरवा. हिशेबात तूट दिसली तर आधी ती कुठल्या खात्यात आहे ते शोधायचे, वह्या लगेच जाळायच्या नाहीत.

शेजारच्या गावात सत्तरीचे एक गवंडी होते. ते आले, भिंतीची माती मुठीत घेऊन दाबली आणि म्हणाले, मातीचा काही दोष नाही, तिला श्वास घेऊ दिला नाही. त्यांनी सांगितले ते असे. जुन्या जाड भिंतीत जमिनीतून आणि पावसातून थोडी ओल येतच असते. वरून चुन्याचा गिलावा असेल तर ती वाऱ्याने, उन्हाने बाहेर निघून जाते. सिमेंटचा गिलावा कडक असतो. घर थोडे हलले की त्याला बारीक भेगा पडतात. भेगांतून पाणी आत जाते, पण बाहेर यायला वाट राहत नाही. आत साठलेल्या पाण्याने माती हळूहळू चिखल होते. सिमेंट वरून ठणठणीत दिसते आणि आत भिंत कुजत असते. एरवी मातीच्या भिंतीला वर चांगले छप्पर आणि खाली कोरडे जोते मिळाले तर ती दोनशे वर्षेही टिकते.

आम्ही मनाशी ताळा जमवला. नवी भिंत विटांची घ्यायची तर खर्च मोठा. मातीचीच घ्यायची तर माल फुकट, कारण पडलेली मातीच पुन्हा वापरता येते. मजुरी मात्र भरपूर. मजुरीला घरची माणसे होती. साठवलेली अर्जित रजा काढून २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता वेल्सला पोहोचलो, ते जुलैपर्यंत राहिलो. तिकिटे भाच्याने काढली.

चुन्याचे आणि मातीचे काम तिकडे उन्हाळ्यातच करावे लागते. तापमान पाच अंशांखाली गेले, दहिवर गोठले की ताजा चुना भुसभुशीत होऊन गळून पडतो. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला. पडलेली माती चाळली, सिमेंटचे तुकडे वेचून काढले. अंगणात प्लॅस्टिकचे ताडपत्र अंथरून त्यावर माती, पाणी आणि पेंढा टाकला आणि बूट चढवून आम्ही सारे तुडवू लागलो.

त्या वेळी आमच्या आईने मजा केली. आई ऐंशीच्या घरात. भाचीने व्हिडिओ फोन लावून अंगण दाखवले. आई थोडा वेळ बघत राहिली आणि तिथूनच ओरडली, "अगं, पेंढा एवढा लांब कशाला? कापून घाल. आणि आजच्या आज थापू नका. रातभर भिजू दे, मुरू दे. मुरल्याबिगर माती धरत न्हाई." भाचीने ते इंग्रजीत गवंडीबाबांना सांगितले. ते हसू लागले. म्हणाले, मी उद्या सकाळी हेच सांगणार होतो. त्यांनी आईला कॅमेऱ्यासमोर टोपी काढून नमस्कार केला. पुढे रोज संध्याकाळी आईची पाहणी ठरलेली. कुठे पाणी जास्त झाले, कुठे भेग पडेल, ते ती मुंबईतून सांगे. लहानपणी गावाकडे तिने पांढऱ्या मातीने भिंती पोतारल्या होत्या, दुसऱ्यांची घरे सारवली होती. ते काम म्हणजे अडाण्यांचे काम, असेच आम्ही सगळ्यांनी धरले होते. त्या विद्येला साता समुद्रापलीकडे एक जाणता कारागीर उस्ताद म्हणून मान देत होता. ज्या हातांनी गावोगावचे वाडे लिंपले त्या हातांना त्याच वाड्यात पाणी मिळत नव्हते, हे आई विसरलेली नाही. पण त्या उन्हाळ्यात ती फार खुशीत होती.

मुरलेली माती लाकडी साच्यात घालून कच्च्या विटा पाडल्या. ओल्या मातीची सलग भिंत सुकायला महिने लागतात; विटा आधी सुकवून घेतल्या की भिंत खचण्याचे भय राहत नाही. टेकू लावून वरचे छप्पर आधीच पेलले होते. सहाशेवर विटा झाल्या. गवंडीबाबांनी ओळंबा धरून त्या मातीच्याच चिखलात बसवल्या आणि जुन्या भिंतीशी सांधा घातला. मग चुना. पानाला लावतो तोच, पण त्याची तयारी पाहण्यासारखी. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की चुनकळी होते. तिच्यात पाणी घातले की ती उकळते, फुटते आणि मऊ लोण्यासारखा चुना तयार होतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कर्बवायू हळूहळू शोषतो आणि पुन्हा दगड होतो. घाई केलेली त्याला चालत नाही. उन्हाने लवकर वाळू नये म्हणून ओले गोणपाट बांधून ठेवावे लागते. चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय गवंडीबाबा कुणाला जवळ येऊ देत नसत. आमच्या वडिलांना असा चष्मा कधी कुणी दिला नव्हता.

कोठाराच्या छपराची गोष्ट वेगळी. एका बाजूला जुन्या दगडी पाट्या शिल्लक होत्या, दुसऱ्या बाजूला कुणीतरी सिमेंटचे नागमोडी पत्रे घातले होते. तपासणीत त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस निघाला. ब्रिटनमध्ये त्याच्या वापरावर १९९९ साली संपूर्ण बंदी आली. त्याची बारीक धूळ छातीत गेली तर वीस-तीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून प्रशिक्षित माणसांनी अंगभर कपडे आणि मुखवटे घालून, पत्रे ओले करून, न फोडता एकेक उतरवले. वाचकहो, आपल्या वस्त्यांतही असे जुने पत्रे खूप आहेत. धड पत्रा डोक्यावर असला म्हणून घाबरून जाऊ नये. पण तो कापू नये, घासू नये, त्याला भोके पाडू नयेत आणि फुटके तुकडे मुलांच्या हाती देऊ नयेत.

पत्र्यांच्या जागी जुन्या वापरलेल्या पाट्या आणल्या. त्या उत्तर वेल्समधील बेथेस्डा येथील पेनरिन खाणीच्या. या पाट्यांच्या मापांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. २४ बाय १२ इंचाची 'डचेस', २० बाय १० ची 'काउंटेस', १६ बाय ८ ची 'लेडी'. सगळ्या सरदार घराण्यांतल्या बायका! त्या घडवणारे मात्र दगडाच्या धुळीने छाती भरलेले कामगार. ही खाण ज्या पेनंट घराण्याने वाढवली त्याचा पैसा जमैकातील गुलामांच्या श्रमावर पिकवलेल्या उसाचा होता. याच खाणीत १९०० च्या नोव्हेंबरमध्ये कामगार बाहेर पडले आणि १९०३ च्या नोव्हेंबरपर्यंत, पूर्ण तीन वर्षे, त्यांचा लढा चालला. संघटनेचा हक्क मालकाला मान्य नव्हता. संपकऱ्यांच्या घरांच्या खिडक्यांत 'या घरात फितूर नाही' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या होत्या. अखेर उपासमारीने लोक हरले, गाव दुभंगले. २०२१ साली युनेस्कोने त्या सबंध पाटी-दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हटले. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या दाजींनी हे सारे वाचून काढले. पाटी हातात घेताना ते तिला उगाच एकदा पुसून घेत.

छप्पर आम्ही असताना चढले नाही, कारण वटवाघळे. कोठाराच्या आढ्याशी घोड्याच्या नालेसारखे नाक असलेल्या लहान जातीची वटवाघळे लटकत असत. वजन पाच ते नऊ ग्रॅम, म्हणजे चार-पाच सुपाऱ्यांएवढेही नाही. पण १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांची जागा मोडली तर दंडाला मर्यादा नाही आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. उन्हाळ्यात मादी पिलांना वाढवते म्हणून तेव्हा छपराला हात लावायचा नाही. हिवाळ्यात ती निजलेली असतात, तेव्हाही नाही. म्हणून नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी संस्थेचा परवाना घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात काम उरकले. वटवाघळांसाठी एक अंधारी पोटमाळी आणि आत उडत येण्यापुरते भोक राखून ठेवले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, झोपडी तोडताना इथल्यासारखा विचार आपल्याकडे माणसांचा झाला असता तर! यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

कोठार राहण्यायोग्य करायचे तर 'वापरबदला'ची परवानगी लागते. कायद्यात अशा अर्जाला आठ आठवड्यांची मुदत आहे. पण वटवाघळांची पाहणी उन्हाळ्यातच होते, नकाशे बदलावे लागले, त्यामुळे २०२१ च्या अखेरीस दिलेल्या अर्जाची परवानगी २०२२ च्या ऑक्टोबरात हाती आली. ताई वैतागल्या तेव्हा आम्ही त्यांना लंडनच्या घराची आठवण दिली. १०, किंग हेन्रीज रोड. तिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. राहते घर स्मारक करण्यास कॅम्डेन कौन्सिलने २०१८ साली नकार दिला, २०१९ मध्ये चौकशी होऊन पुरावे मांडले गेले आणि २०२० च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. तो वादही वापरबदलाचाच होता. खुद्द बाबासाहेबांच्या घराला जिथे कागद लावून लढावे लागले, तिथे आपल्या खळ्याला वर्ष लागले तर काय बिघडले?

आता हिशेब. एकूण खर्चाचे शंभर भाग धरले तर छपराला ३०, कारागिरांच्या मजुरीला २८, लाकूड आणि दारे-खिडक्यांना १५, पाणी-वीज-सांडपाण्याला १४, पाहण्या-परवाने-नकाशांना ७ आणि चुना-मातीला अवघे ६ असे भाग पडले. ज्याच्यावर घर उभे आहे ते सर्वांत स्वस्त! दुसरी गोष्ट कराची. तिकडे बांधकामावर मूल्यवर्धित कर २० टक्के आहे. पण घर दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे असल्याचा पुरावा दिला तर नोंदणीकृत ठेकेदाराच्या दुरुस्तीवर तो ५ टक्केच लागतो. वीस हजार पौंडांच्या कामामागे चार हजारांऐवजी एक हजार. घर रिकामे असल्याचे कौन्सिलचे पत्र ताईंच्या कागदांत पडून होते. ते शोधून पुढे केले आणि छपराच्या लाकडांचा खर्च जवळजवळ तेवढ्यात निघाला. कागद जपून ठेवणे ही कारकुनी खोड नव्हे, ती गरिबाची ठेव आहे.

पण खरी परीक्षा पैशाची नव्हती. आम्ही पोहोचल्यावर चौथ्याच दिवशी शेजारच्या शेतकरीणबाई अंडी घेऊन आल्या आणि थोडा वेळ बसून सरळ विचारते झाल्या, "तुम्ही इथे राहणार आहात की कुलूप लावून जाणार?" प्रश्न उद्धट वाटेल, पण त्यामागे दुःख होते. बाहेरचे श्रीमंत लोक सुट्टीपुरती घरे घेतात, किमती वाढतात आणि गावातल्या तरुण जोडप्यांना गावातच घर मिळत नाही. हिवाळ्यात खिडक्या अंधाऱ्या, शाळेत मुले नाहीत, वेल्श बोलायला माणूस नाही. म्हणूनच वेल्सच्या सरकारने एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर आणि दीर्घकाळ रिकाम्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कौन्सिल टॅक्स लावण्याची मुभा कौन्सिलांना दिली.

ताई काही बोलण्याआधी भाचीनेच उत्तर दिले, तेही वेल्श भाषेत. तिकडे सोळा वर्षांपर्यंत सर्व शाळांत वेल्श शिकावेच लागते. काय म्हणालीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मी सांगितलं, आमची आजी इथली माती तपासते, आता कुठं जाणार?" बाई हसल्या आणि त्यांनी आम्हालाही दोन शब्द शिकवले. तीनाला त्या 'त्री' म्हणतात आणि दाताला 'दान्त'. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, एवढ्यावर तर आम्ही निम्मे वेल्श झालो!

परतण्यापूर्वी कार्डिफजवळील सेंट फॅगन्स येथील संग्रहालय पाहिले. १९४८ साली उघडलेल्या या जागेत राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा सामान्य माणसांची घरे अधिक आहेत. वेल्सभरातून ती दगडागणिक उतरवून आणून पुन्हा उभारली आहेत. नान्ट वॉल्टर नावाचे मातीच्या भिंतींचे, गवती छपराचे मजुराचे घर तिथे आहे. मर्थर टिडफिल गावची लोखंड-कामगारांची सहा घरांची ओळही आहे. त्यातले प्रत्येक घर वेगळ्या काळातले सजवले आहे, १८०५ पासून १९८५ पर्यंत. पलंग, चूल, कपडे, रेडिओ सारे जागच्या जागी. ताई त्या ओळीत फार वेळ थांबल्या. आपल्या चाळीतली एक खोली, मोरी आणि माळ्यासकट, अशी कुणी जपून ठेवली तर आपल्या नातवंडांना आपण कुठून आलो ते दाखवता येईल.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ताई-दाजी कॅरॅव्हॅनमधून घरात राहायला गेले. कॅरॅव्हॅनमधले तीन हिवाळे सरले. पश्चिमेची भिंत दोन पावसाळे पाहूनही कोरडी आहे. कोठारात एक मोठी खोली आणि पाहुण्यांसाठी दोन लहान खोल्या झाल्या. मोठी खोली महिन्यातून एकदा गावच्या बायकांना विणकामाला देतात. खळ्याची जुनी फरसबंदी तशीच ठेवली आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये संस्था काढली. जुने पाडून नव्याने जुन्यासारखे करू नका, आहे ते नीट दुरुस्त करा, हा तिचा आग्रह. गवंडीबाबांचे काम याच रीतीचे होते. कोठाराची उत्तरेकडील भिंत अजून बाकी आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे मातीची घरे आहेत. कुणी कुलूप लावून आले, कुणी वरून सिमेंट थापून घेतले. गावी जाल तेव्हा भिंतीला हात लावून पाहा. छपराची कौले सारखी आहेत का, जोत्याशी पाणी तुंबते का, सिमेंटमागे पोकळ आवाज येतो का, हे बघा. सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या कुणाच्या नावावर आहेत तेही पाहा. आणि घरात म्हातारी माणसे असतील तर पोताऱ्यात काय घालत, पेंढा किती दिवस मुरवत, हे त्यांना विचारून वहीत उतरवून घ्या. आमच्या वहीत आईची तीन पाने झाली आहेत. उत्तरेकडील भिंतीला हात घालण्याआधी ताईंनी त्यांची नक्कल मागवली आहे.